उल्काचा सातवा अंक

दहावीच्या गणिताच्या पेपरला माझी सुपरव्हिजन होती. हैदराबादच्या नारायणगुड्यातल्या आमच्या शाळेचा वरच्या मजल्यावरचा हॉल, मार्चमधलं ऊन, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, आणि खिडकीजवळच्या एका मुलीला उचकी लागली. एक लागली, दुसरी लागली, मग थांबेचना. बिचारी तोंडावर हात दाबून बसली. आजूबाजूची पोरं खुदखुदायला लागली. मी पाण्याची बाटली घेऊन गेले तर ती हळूच म्हणाली, "टीचर, अम्मी याद कर रई होंगी."

"हौ, कर रई होंगी," मी म्हटलं. "पानी पी, और अब तू गणित याद कर."

ती पाणी प्यायली. उचकी थांबली, पोरगी गणिताला लागली. मला मात्र उगीचच चुटपुट लागून राहिली. खिडकीबाहेर लिंब फुलला होता, त्याचा तो कडूगोड वास आत येत होता, आणि मी त्या बाटलीचं झाकण लावत उभी राहिले. उचकीवर घाईघाईनं पाणी देऊ नये, हे मला फार लहानपणी कळलेलं होतं. कुणी शिकवलं? उल्कानं.

उल्का तुम्हाला माहीत नसणार. त्यात तुमची काही चूक नाही. कापडाच्या दुकानापासून न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत सगळीकडे चित्रकथांची पुस्तकं लोळत असायची त्या काळात, दिल्लीकडच्या कुठल्याशा छापखान्यानं हिंदीतून तिचे सहा अंक काढले आणि छापखानाच बंद पडला. बाकीचे वीर उडायचे, डोंगर उचलायचे, डोळ्यांतून आग काढायचे. उल्काला यातलं काहीएक येत नव्हतं. कॉलेजात शिकणारी, जाड वेणीची, चष्मेवाली पोरगी. पण कुठंही कुणी संकटात सापडून तिची आठवण काढली की तिला उचकी लागायची, आणि एकदा उचकी लागली की तिच्या अंगात दहा बैलांचं बळ यायचं. ओढणी कमरेला खोचायची आणि निघायची. उचकी थांबली की बळ गेलं. म्हणून तिचा वैरी, सेठ सुराही नावाचा एक ढेरपोट्या, बंदूक-बिंदूक घेऊन यायचा नाही. तो पाण्याची सुरई घेऊन तिच्या मागं धावायचा. "पी ले, उल्का, एक घूँट पी ले!"

आता हे लिहिताना मलाच हसू येतंय. पण तेव्हा आम्ही हसायचो नाही. सुरईचं चित्र आलं की मी डोळे मिटून घ्यायचे.

आम्ही तेव्हा मलकपेठेत राहायचो, रेसकोर्सच्या मागच्या अंगाला. वडील नोकरीनिमित्त नांदेडकडून इकडे आलेले. शेती चुलत्यांकडे, आमच्याकडे फक्त वर्षाची ज्वारी यायची. पहाटे घोड्यांना फिरवायला न्यायचे त्यांच्या टापा ऐकू यायच्या, आणि घराच्या मागं एक आड होता, त्याला रहाट. गल्लीच्या तोंडाशी एका चाचांचं किरायाच्या पुस्तकांचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक फळी आणि वर पत्रा. चाचा पुस्तक आलं की आधी त्याचं वरचं पातळ पान फाडून टाकायचे, सुतळीनं जाडजूड शिवायचे आणि लग्नाच्या जुन्या पत्रिकांचं पुठ्ठ्यासारखं वेष्टण चढवायचे. त्यामुळं आमच्या उल्काच्या प्रत्येक अंकावर सोनेरी अक्षरांत कुणातरी अनोळखी माणसांचा निकाह असायचा. उल्काचं लग्न ठरलंय की काय, असं मी आक्काला विचारल्याचं आठवतं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आणि साठ वर्षांनी शहाणी, असं आई म्हणायची. पुस्तक घरी आलं की आधी आक्का वाचायची, मग मला वाचून दाखवायची. मला वाचता येत होतं, पण आक्काच्या आवाजातला सेठ सुराही मला स्वतःच्या वाचण्यात कधी सापडला नाही.

तर गोष्ट अशी की सहाव्या अंकाच्या शेवटी सेठ सुराहीनं शहराच्या पाण्याच्या टाकीत एक औषध ओतलं. ते पाणी जो पिईल तो उल्काला विसरेल. कुणाला आठवणच राहिली नाही तर उचकी लागेल कशी? काठावर उभा राहून तो हसतोय, खाली लिहिलंय 'क्रमशः', आणि बस्स. सातवा अंक काही येईना. चाचांना रोज विचारायचं. चाचा म्हणायचे, "नई आया, अम्मा. छापनेवालाच भाग गया बोलते."

आणि त्याच मार्चमध्ये मला गोवर आला.

गोवर आलेल्या पोराचे डोळे सांभाळायचे, उजेड नको, वाचणं नको, असा तेव्हा दंडक होता. मला आतल्या खोलीत ठेवलं. खिडकीला आईची काळी शाल, दाराला लिंबाचे डहाळे, उशाशी तांब्या. अंग खाजायचं आणि खाजवायची बंदी. माझी वार्षिक परीक्षा बुडणार हे कळलं तेव्हा आनंद झाला, आणि दोन दिवसांनी अंधाराची भीती वाटायला लागली. डोळे गेले तर? बाहेर सगळं चालू आहे आणि मला इथं ठेवून सगळे विसरून गेले तर? मी रडायला लागले की आई म्हणायची, रडू नको, डोळ्यांना वाईट. आणि मग एके दुपारी आक्का आत आली, माझ्या पायाशी बसली आणि म्हणाली, "सातवा आला."

दार किंचित लोटून, त्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडे पाठ करून तिनं मला सातवा अंक वाचून दाखवला. पानं उलटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

सांगायचं कारण असं की गेली दोन वर्षं या सातव्या अंकावरून माझ्या मागं लचांड लागलंय. आक्काची मुलगी मुक्ता गच्चीबावलीच्या एका कंपनीत कामाला आहे. पगार चांगला, डोकं तेज, आणि छंद म्हणजे जुन्या चित्रकथा जमवणं. मराठी वाचायला दिली तर दुकानाच्या पाटीवरही अडखळते, पण कुठल्या अंकाच्या कुठल्या पानावर उल्काचा चष्मा रेखाटायचा राहिलाय ते तोंडपाठ. तिच्यासारख्या वेड्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यात एकदा वाद निघाला, की सातवा अंक निघाला होता की नाही. बहुतेकांचं म्हणणं, निघालाच नाही. मुक्तानं ठोकून दिलं, "निघाला. माझ्या मावशीनं वाचलाय."

झालं. तेव्हापासून मी साक्षीदार. मुक्ताची सगळी अब्रू माझ्या गोवरावर टांगलेली.

"मावशी, तू खरंच बघितलास ना?" ती दर रविवारी विचारते.

"ऐकलाय," मी म्हणते.

"एकच की!"

एकच नाही, हे मलाही कळतं. पण आक्काला विचारायला माझी जीभ रेटत नाही. मुक्तानं विचारलं तर आक्का तिला उडवून लावते. "मला नाही बाई आठवत. मला दहावीचा अभ्यास होता, मी काय चित्रं बघत बसले होते का?" मी विचारलं तर ती खरं सांगेल, हीच तर भीती. त्या अंधाऱ्या खोलीत मला उल्का भेटली म्हणून मी तगले, असं मी चाळीस वर्षं धरून चालले आहे. लग्नानंतरच्या वाईट दिवसांत, हॉस्पिटलच्या बाकड्यांवर, कुठंही उचकी लागली की मला धीर आला आहे. तो अंकच नव्हता असं निघालं, तर मग मला तिथं कोण भेटलं होतं?

गेल्या महिन्यात या प्रकरणात पुणं शिरलं. रविवारी आबिडसच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, तिथं मुक्तानं एका विक्रेत्याला उल्काबद्दल विचारलं. तो म्हणाला, "चश्मेवाली ना? पूरा गठ्ठा था मेरे पास. परसों लेके गया कोई." मुक्तानं गंमत म्हणून त्याचा आवाज भरून ग्रुपवर टाकला, आणि खाली काही लिहायचं विसरली. तिला वाटलं, सगळ्यांना कळेल.

पुण्याच्या एका संग्राहकांनी ते ऐकलं. निवृत्त गृहस्थ, वय सत्तरीच्या आसपास. परसों म्हणजे परवा! म्हणजे माल अजून शहरातच असणार! त्यांनी पिशवी भरली, बस पकडली आणि दुसऱ्या रविवारी थेट फुटपाथवर उभे. "परवा कुणाला दिलात? माणसाचं वर्णन सांगा."

विक्रेत्यानं त्यांच्याकडं आपादमस्तक पाहिलं. "परसों बोले तो परसोंच ना, साब. मेरी बेटी गोद में थी तब. अब उसका बेटा है."

आता पुण्याच्या माणसाला हे कोण सांगणार, की हैदराबादेत काल म्हणजे काल, आणि त्याच्या मागचं सगळं परसों. निजाम गेला तो परसों, रेशनच्या रांगा होत्या त्या परसों, माझं लग्न झालं तेही परसोंच. आमच्या घरात मराठी बोलतानासुद्धा आम्ही हेच करतो. आई म्हणायची, "परसोंच तर तुला दूध पाजत होते, आता मला शिकवतेस!" परवा आणि तीस वर्षांपूर्वी यांत फरक करायची या गावाला गरज वाटलेली नाही. मला तर कधी कधी हेच बरोबर वाटतं. मागं गेलेलं सगळं सारखंच हाताबाहेर असतं, आणि सारखंच जवळ.

पुण्याच्या काकांचा चेहरा पडला होता. मुक्ता त्यांना माझ्या घरी चहाला घेऊन आली. मी उस्मानिया बिस्किटं ठेवली. माणूस मोठा गोड निघाला. मी त्यांना सरळच विचारलं, "राग मानू नका, पण या उल्कात एवढं आहे काय? चित्रं धड नाहीत, गोष्ट अर्धी. तुमच्यासारख्यानं बसनं यावं असं काय आहे?"

त्यांनी पिशवीतून दुसरा अंक काढला. पारदर्शक पिशवीतला. हात पुसले, मग उघडला. "हे बघा," म्हणाले, "पहिल्या अंकात हिचा कुर्ता लाल आहे, दुसऱ्यात हिरवा, चौथ्यात जांभळा. कारण छापखान्यात जी शाई उरली असेल ती. इथं लाल रंग सरकलाय, ओठ हनुवटीवर आलेत. चित्रकार तीनदा बदलले, म्हणून नाक तीन प्रकारचं. मोठ्या वीरांचं सगळं ठरलेलं असतं हो. त्यांचे अंक पैसे टाकले की मिळतात. हिची कुणी धड काळजीच घेतली नाही. तरी पानागणिक धावतेय बघा." मग अंक पिशवीत सरकवत म्हणाले, "आणि ती पुरी झाली नाही. पुरं झालेलं कपाटात ठेवता येतं. हिला नाही ठेवता येत."

मला ते ऐकून कसंतरीच झालं. वाटलं, या माणसाला काहीतरी द्यायला हवं. मुक्ता तेवढ्यात म्हणालीच, "मावशी, काकांना सांग ना सातवा. पूरा सांग."

मग मी सांगितला. सगळं शहर उल्काला विसरलं. कॉलेजात तिचं नाव कुणाला आठवेना, घरची माणसंही दार उघडून म्हणाली, कोण पाहिजे? उचकी बंद. ती चालत चालत नदीवरच्या पुलावर गेली आणि कठड्याला टेकून बसली. दिवस मावळला. आणि मग एक उचकी! कारण शहरात एक लहान मुलगी होती, गोवर आलेली, अंधारात ठेवलेली. तिला टाकीचं पाणी देत नव्हते, घरच्या आडाचं पाणी काढून गार करून देत होते. म्हणून ती विसरली नव्हती. ती अंधारात म्हणत होती, उल्का, ये ना. आणि उल्का पुलावरून उठली, ओढणी खोचली आणि म्हणाली, "थांब गं बाई, रडू नक्को, आले मी!"

काका भान हरपून ऐकत होते. माझं झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "हे शेवटचं वाक्य जसंच्या तसं आहे?"

"शब्दन् शब्द," मी म्हटलं. "माझ्या कानात आहे."

"पण बाई," ते म्हणाले, "उल्का हिंदीतली. मराठी कधी बोलायला लागली?"

मुक्तानं माझ्याकडं पाहिलं. मी बिस्किटाकडं पाहिलं. जन्मभर हिंदी शिकवलं हो मी! सहा अंकांतली वाक्यं विचारा, आजही हिंदीत घडाघडा म्हणून दाखवीन. सातव्यातलं एकसुद्धा हिंदीत आठवेना. सगळा सातवा अंक मराठीत होता, तोही आमच्या मलकपेठी मराठीत, 'नक्को'सकट. आणि ते आडाचं पाणी! आड कुणाचा, गोवर कुणाचा? एवढं ढळढळीत असून मला चाळीस वर्षांत दिसू नये? माणसाला जे सांभाळायचं असतं त्याकडं तो नीट बघतच नाही, हेच खरं.

काका फार समजूतदार. त्यांनी विषय बदलला, हलीम कुठं चांगली मिळते विचारलं, आणि जाताना माझ्यापुढं वाकून हात जोडले. मुक्तानं कपबश्या उचलल्या. "ग्रुपवर काय लिहू, मावशी?" एवढंच म्हणाली.

"थांब जरा," मी म्हटलं. "आधी तुझ्या आईला विचारू दे."

म्हणून त्या दिवशी गणिताचा पेपर संपल्यावर, उत्तरपत्रिका बांधून देऊन, मी तशीच गल्ली ओलांडून आक्काकडं गेले. ती नारायणगुड्यातच राहते, शाळेपासून पाच मिनिटांवर. मुक्ता त्या दिवशी घरूनच काम करत होती, ती कानातले इयरफोन काढून बाहेर येऊन बसली. पाडवा तोंडावर आलेला. आक्का विळीवर सणाच्या कडूआंबट पचडीसाठी कैऱ्या कापत होती, शेजारी वर्तमानपत्रावर लिंबाची फुलं निवडून ठेवलेली. ती फुलं बघितली आणि मला एकदम ते दाराचे डहाळे आठवले. मी चपलाही न काढता विचारलं, "आक्का, उल्काचा सातवा अंक तू मनानं रचलास ना?"

आक्कानं वर बघितलं नाही. "चपला काढ आधी."

मी काढल्या.

"हौ," ती म्हणाली. "रचला. मग काय करणार? तू रडून रडून डोळे लाल केले होतेस. आई घाबरली होती. माझ्या हातात इतिहासाचं पुस्तक होतं, त्याचीच पानं उलटत बसले."

मला वाटलं होतं, ऐकून काहीतरी तुटेल. तसं काही झालं नाही. उलट मला तेव्हाची आक्का दिसली. दहावीची परीक्षा तोंडावर असलेली ती पोरगी, हुशार, पुढं शिकायची हौस असलेली, अंधारात बसून इतिहासाच्या पुस्तकातून उल्का वाचत होती. त्याच मे महिन्यात तिचं लग्न ठरलं आणि पुढचं शिकणं राहिलं ते राहिलंच. मी तिच्याजवळ खाली बसले.

"आणि मला त्यात घातलंस," मी म्हटलं. "गोवर आलेली पोर. आडाचं पाणी. चाळीस वर्षं मला कळलं नाही बघ, आक्का."

आता आक्कानं वर बघितलं. "कोणती पोर?"

"अगं, तीच. तिला आठवण येते आणि उल्काला उचकी लागते."

"मी नाही बाई असं काही सांगितलं." तिनं कैरीची फोड बाजूला ठेवली. "मी तिला पुलावर नेऊन बसवली. त्यापुढं मला सुचेचना. सगळं शहर विसरलं, आता तिला उठवायचं कुणी? मी आपली पानं उलटत राहिले, आणि बघते तर तुला झोप लागलेली. दुसऱ्या दिवशी माझा इतिहासाचा पेपर. त्याच्या पुढच्या दिवशी तुझा ताप उतरला, तू अंगणात आलीस. तू काही विचारलं नाहीस, मीही काही बोलले नाही."

मुक्ता आळीपाळीनं आमच्याकडं बघत होती. आडाचं पाणी, ती मुलगी, 'आले मी', हे सगळं मग माझं होतं? झोपेत, तापात, कधी जुळवलं मी हे? उल्का मला वाचवायला आली असं मी आजवर धरून बसले होते. आणि तिला तर मीच हाक मारून उठवली होती.

आक्का पुन्हा विळीवर वाकली, पण कैरी काही कापेना. "खरं सांगू का, नंदा?" ती म्हणाली. "मला ते फार लागून राहिलं. कुणाला सांगायचं, लोक हसतील. पण लग्न झालं, सासरी गेले, पोरं झाली, आणि मधेच कधी भांडी घासताना ती दिसायची. पुलावर बसलेली. वाटायचं, आपण बसवली बिचारीला आणि उठवलीच नाही. कुणाला आठवण नाही, कुणी हाक मारत नाही. बसलीये आपली." तिनं पदरानं नाक पुसलं आणि एकदम माझ्याकडं वळली. डोळे अगदी तेव्हाचे, दहावीतले. "मग तुझ्या त्या अंकात काय होतं पुढं? उठली का ती?"

"उठली की."

"खरंच? कधी?"

"परसोंच," मी म्हणाले.